कलम चौदा

जानेवारीत, बाहेर उणे एकतीस असताना,
ओरेस्टनं तळघराच्या फरशीवर
निळ्या चिकटपट्टीनं एक गाडी आखली.
पंचवीस फूट लांब, आठ फूट रुंद,
फ्रीझरपासून जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत.
पायरीवर तो बसला, हातात पातेल्याचं झाकण.
"चल," म्हणाला, "जुलै आला."

इथे शेगडी. इथे बेसिन.
हा संडास, दार लावून घेत जा.
मी नसलेलं दार लावून घेतलं
आणि आतून खोकले, रीतीप्रमाणे.

बेचाळीस वर्षांत घराच्या वाटण्या
कधी झाल्या, कळलंच नाही:
गराज त्याचं, स्वयंपाकघर माझं,
जिन्यात भेटलो तर हवापाणी.
इथे वाट एकच, एका माणसापुरती.
मला बेसिनशी जायचं तर
त्यानं पलंगावर चढायचं.
आणि पलंग पाच फूट दहा इंच.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण उरलेले तीन इंच
मूस जॉमध्ये कुणाकडे ठेवून यायचे?

मग वह्या निघाल्या.
सॅस्कटून, एडमंटन, डॉसन क्रीक,
फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स.
पेट्रोल कुठे, पाणी कुठे भरायचं,
मैला कुठे ओतायचा; हे शेवटचं त्यानं
लाल पेनानं लिहिलं, दोनदा अधोरेखित.
शेजारचा लॉर्न येऊन सांगून गेला
की अस्वलाला कांद्याचा वास आवडत नाही,
की आवडतो, त्याला नीट आठवेना.
मी सासूबाईंचं पिरोग्यांचं पातेलं काढलं.
"साडेचार किलो," ओरेस्ट म्हणाला, वजनकाट्यावर उभं करून.
मी म्हटलं, "मग तुझी हत्यारांची पेटी उभी कर."
पातेलं यादीत राहिलं.

करारपत्र बावीस पानांचं.
भिंग घेऊन त्यानं ते रविवारभर वाचलं,
आणि कलम चौदाशी थांबला.
कच्च्या रस्त्यावर गाडी नेल्यास विमा रद्द.
त्यानं ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं.
दुसऱ्या वेळी आवाजात
सुटकेसारखं काहीतरी होतं.

कारण तारास राहतो तो
डांबर संपल्यावर नव्वद किलोमीटर आत.
अकरा वर्षं झाली.
भांडण कशावरून, ते बापलेक
आता वेगवेगळं सांगतात,
आणि दोघांच्याही गोष्टीत
दार मीच लावलेलं असतं.

नकाशावर ते नव्वद किलोमीटर
माझ्या करंगळीच्या नखाएवढे.
व्हाइटहॉर्सला ट्रक भाड्यानं मिळतो,
मी विचारून ठेवलं होतं, बोलले नाही.
ओरेस्टनंही विचारलं असणार:
फोनशेजारच्या कागदावर एक आकडा होता,
लिहून खोडलेला,
खोडून परत गिरवलेला.

मी तारासला निरोप पाठवला:
कंपनीची अट आहे. डांबर संपेल तिथे
आम्हाला थांबावंच लागेल.
पुढचं तू बघ.

नऊ दिवस काही नाही.
नऊ दिवस आम्ही टेपच्या गाडीत
जेवायला उतरलो, गुडघ्याला गुडघा लावून,
पावलं मोजून, कुणी कधी उठायचं ते शिकत.
एकदा त्यानं माझा कप धुतला,
तो बेसिनच्या बाजूला बसला होता, इतकंच.

दहाव्या दिवशी उत्तर आलं.
"तिथे पंचवीस फुटांना वळायला जागा नाही.
अलीकडे दोन किलोमीटरवर खाणीचं आवार आहे,
तिथे लावा. तोंड दक्षिणेकडे.
तारीख कळवा."

ओरेस्टनं ते वाचलं, भिंगाशिवाय.
"दक्षिणेकडे," म्हणाला. "बरोबर आहे.
निघताना सोपं जातं."
आणि झोपायला गेला.

सकाळी फ्रीझरमधून पाव काढायला उतरले.
जेवणाचं टेबल रात्रीतून मोडलं होतं.
त्याच्या जागी नवा चौकोन, तिसरा पलंग,
सहा फूट तीन इंच, तारासच्या मापाचा.
बसत नव्हता.
पायाकडची पट्टी गाडीची भिंत ओलांडून
पाच इंच बाहेर आली होती,
आणि त्यानं ती तशीच ठेवली होती.