देठाजवळ ओली

दुसरी घटक चाचणी. नववी ब, विज्ञान, वीस गुण.
दोंडाईच्यात डिसेंबर म्हणजे वर्गभर खोकला:
कुंपणापलीकडे मिरचीच्या पथारी, नजर पोचेल तिथवर लाल,
आणि वारा नेमका आमच्या बाजूचा.
फळ्यावर तारीख टाकेपर्यंत तीन शिंका मलाच.

पेपर वाटले की काय होतं, ते पाठ आहे मला.
आधी उजवा कोपरा दुमडतो.
जो तो अंगठ्याआडून आपले गुण एकटाच बघतो,
मग बेरीज. बेरीज मात्र सगळे जीव लावून करतात.
हितेश गिरासे अर्ध्या गुणासाठी टेबलापर्यंत आला.
दिला मी.
निळ्या लिटमसचं आम्लात काय होतं
हे त्याला अर्धा गुण मिळूनही कळलं नाही.

एकवीस वर्षं मी पेपर असेच 'सोडवून घेतले'.
फळ्यावर बरोबर उत्तरं, त्यांनी मुकाट उतरवायची,
घंटा झाली की पेपर दप्तराच्या तळाशी, डब्याच्या तेलाखाली.
आणि पुढच्या चाचणीत तीच चूक
बाजारात व्याही भेटावा तशी हटकून समोर.

तेजल ईशीला सात.
तिचं पुस्तक मी पाहिलंय. पिवळं, गुलाबी, पोपटी,
एक ओळ बिनरंगाची सोडलेली नाही.
"सर, माले येत व्हतं. घर सगळं येत व्हतं.
पेपरवर उनंच नही."
किती वेळा वाचलंस?
"सात डाव."
कधी?
"एकच रातले."

मागच्या बाकावर अकीब पिंजारी फसकन हसला.
त्याची आई पथारीवर देठ खुडते,
तो रविवारी मिरची परततो, अर्ध्या हजेरीवर.
"एकच रातले सात डाव!
मिरची तरी वाळस का अशी?"

गप्प बस, हे माझ्या ओठांवर आलेलं.
पण विचारलं, मग कशी वाळते?
खरंच ठाऊक नव्हतं. एकवीस वर्षं शेजारी शिंकत होतो फक्त.

तो उभा राहिला. तोंडी परीक्षेत कधी उभा राहिला नव्हता असा.
आज पसरायची, परवा परतायची,
मग दोन दिवस तिला तिच्या उन्हावर सोडायचं, पुन्हा परतायची,
मग आणखी उशिरानं.
रोज उठून ढवळायची नाही, विसरूनही जायचं नाही.
आणि वरच्या लालीवर जायचंच नाही, सर.
"देठजोडे वली राहस."
मोडून पाहायची.
तशीच पोत्यात भरली तर सगळं पोतं बुरशीला.

मोडून पाहायची.

खडू ठेवून दिला.
म्हटलं, पुस्तकं मिटा, पेपर पालथे घाला.
चुकलेला एक प्रश्न आठवा आणि कोऱ्या पानावर
येईल तेवढं लिहा. नाही आलं तर रिकामं ठेवा,
रिकामी जागासुद्धा मला बघायची आहे.
मग शेजाऱ्याला सांगा, न बघता, आपल्या बोलीत चालेल.

वर्गात इतका गोंगाट झाला की भामरेभाऊ डोकावून गेले.

शेवटी समासात लिहायचं होतं: का चुकलं.
घाई, असं बारा जणांनी.
प्रश्न अर्धाच वाचला, असं नऊ.
हितेशनं लिहिलं, 'सरांनी शिकवलं नाही', मग खोडलं,
पण खोडल्याखाली वाचता येत होतं.
तेजलचं अक्षर बारीक:
'ओळखीचं वाटलं, म्हणून येतं असं वाटलं.'

हितेशची ओळ घरापर्यंत सोबत आली.
प्रश्न चौथा, चौपन्नपैकी एकतीस जणांचा चुकलेला.
तो धडा मी एका शनिवारी, अर्ध्या शाळेत,
स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचा हिशेब करत उरकला होता.
लाल पेन उघडलं
आणि माझ्याच टाचणवहीच्या समासात लिहिलं: घाई.

मंगळवारी वर्गात शिरलो, हजेरीआधीच म्हटलं,
कोरं पान. प्रश्न चौथा.
निम्मे छताकडे बघत बसले.
तेजलनं चार ओळी लिहिल्या, पाचवीला थांबली, पेन चावत राहिली.
अकीबनं तिच्या पानावर वाकून पाहिलं
आणि मला बाहेरच्या मुकादमाच्या आवाजात सांगितलं,
"वली शे आजून, सर.
शुक्रवारले परत."