एकतीस

ग्दान्स्कच्या गोदीत यागोदा क्रेन चालवते.
केबिन चाळीस मीटर उंच.
कळ आली की खाली उतरून
गरम पाण्याची पिशवी कोण भरणार?

आधी नुसत्या वेदनाशामक गोळ्या, मूठमूठ.
मग रोज रात्री नऊची हार्मोनची:
पाळी थांबली, हसूही.
आता दर अठ्ठावीस दिवसांनी सुई.
बीजकोश झोपतात, कळ झोपते,
हाडांचं मात्र, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
बघत राहू.

जानेवारी. बंदरात बर्फाचे पापुद्रे,
आणि यांच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी.
आत दोघी घामाघूम:
हालिना त्रेपन्नची, लेक एकतीसची.

"गाठलंस की गं मला,"
आई म्हणते,
वर्तमानपत्राची घडी घालते
आणि आधी तिला वारा घालते.

बीटाचं सूप कधीच निवलंय.