तंबू वाळत घातलाय

टाकीचा पाइप आणि डिशचा खांब, दोन्हीला दोरी बांधून
गच्चीवर तंबू वाळत घातलाय.
नारिंगी. आतून अजून दमट.
शिवणीत वैतरणेकाठचा चिखल
आणि एक मेलेला नाकतोडा, तो मी काढलेला नाही.

ग्रुपवर घोसाळकरांनी विचारलं,
सी विंगच्या गच्चीवर कोण राहायला आलंय?

कुणी नाही. आम्हीच जाऊन आलो, मी आणि बाबा,
शनिवारची एक रात्र, माणशी बाराशे,
सकाळचे पोहे आणि शेकोटी धरून.
बाबांनी चपला तंबूबाहेर जोडीनं लावल्या
आणि तिथल्या पोराला विचारलं, कुंपण कुठाय?
काका, तळ्याला कसलं कुंपण!
बाबांना ते पटलं नाही.

एकतीस वर्षं बाबा चावीवाले,
पालिकेचे, पार्कसाइटच्या डोंगरावर.
चावी म्हणजे छातीएवढी लोखंडी दांडी,
रस्त्यातलं झाकण उचलून खाली सोडायची
आणि आटे मोजत फिरवायची.
आधी वरची गल्ली, पावणेपाच ते सव्वासहा,
मग सहा नंबर, मग आमची.
पाणी आलं नाही की बायका आमच्या दारात यायच्या,
हंडे न घेता, नुसत्या.
आई म्हणायची, ह्यांच्या हातात काय आहे,
वरूनच कमी येतंय.
वरून हा शब्द मी आधी पाण्यासाठी शिकले,
देवासाठी नंतर.

आणि ते वरून आता समोर होतं,
दोन डोंगरांच्या मांडीत,
रजा टाकून बसल्यासारखं.
शेजारच्या तंबूत ठाण्याची पोरं, स्पीकर, मॅगी.
बाबा काठाला उकिडवे बसले,
मनगटापर्यंत हात बुडवला.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.
म्हणाले, लेव्हल चांगली आहे.
मग बऱ्याच वेळानं,
याला आवाज नाही गं.

त्यांचं पाणी आधी खोकतं,
पाइपात हवा, मग खरखर,
मग कुणाची तरी बादली वाजते
आणि डोंगरभर दिवे लागतात.

चार वाजून दहा मिनिटांनी मला जाग आली.
तंबूची चेन उघडी. चपलांचा एकच जोड, माझा.
मी तळ्याकडे धावले.
बाबा तळ्याकडे नव्हते,
संडासामागे तंबूवाल्यांची निळी टाकी होती, तिथे होते.
तिचा नळ टपकत होता.
एवढं अख्खं तळं शेजारी पसरलेलं
आणि त्या थेंबानं त्यांना झोप नव्हती.
रुमालाची चिंधी फाडून त्यांनी नळ आवळला,
कान लावून खात्री केली,
मग तिथेच दगडावर बसले.

एकदा मी अर्धा तास जास्त सोडलं होतं,
म्हणाले, सहा नंबरला. मयत होती.
लिहिलं नाही कुठे.
खालच्या गल्लीला तेवढं कमी पडलं.

खालची गल्ली म्हणजे आम्ही.
आई त्या दिवशी कुणावर ओरडत होती
ते मला आज कळलं.
मी पाचवीत होते, तोंड पुसून शाळेत गेले होते.
मी विचारलं, मयत कुणाची?
बाबा म्हणाले, आता काय नाव आठवणार.
आठवत होतं त्यांना.

आता साडेपाच. गच्चीवर ऊन उतरतंय.
टाकीच्या पोटात आधी खोकला,
मग खरखर,
मग धार.
दोरी पाइपाला बांधलेली, तंबू थरथरतो.
आमच्या आधी निघालं असेल, की नंतर?
वाटेत किती गल्ल्या लागल्या असतील?

मी नाकतोडा चिमटीत धरून उभी आहे
आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून
बाबा मान वर करून ओरडतायत,
अगं, भरली, भरली!
कॉक फिरव कुणीतरी!