एकाच चौकटीत खूण करा

आमच्याकडे शाळा सव्वीस जूनला उघडते,
ऊन जरा माणसात आल्यावर.
तरी कूलरच्या खसमध्ये मे महिना अडकून आहे
आणि टेबलावर मोहिनी परातेची फाईल.
वय तेरा. राहणार पाचपावली.
शेवटचा रकाना : अभ्यासक्रमाचा दृष्टिकोन.
दोन चौकटी, आणि खाली बारीक अक्षरात :
एकाच चौकटीत खूण करा.

पहिली म्हणजे पाचवीचीच पुस्तकं,
धडे कापून, चित्रं मोठी करून.
दुसरी म्हणजे बटण, कडी, गॅस बंद करणं,
सुट्टे पैसे, बसवरचं 'बर्डी' ओळखणं.

आईची तर्रीपोह्याची गाडी. हाताला कांद्याचा वास.
"थ्या नद्या न् पर्वत काय कामाचे जी तिच्या?
पन्नासातून तीस गेले का वीस,
एवढं आलं पाह्यजे.
मी काय जलमभर पुरणार हाव का तिले?"
बाप गप्प होता. दारात चप्पल घालताना म्हणाला,
"बाकीचे पोरं शिकतात,
थेच नाव असू द्या फाईलवर."

बावीस वर्षं झाली मला.
दोन्ही चौकटी चुकवून झाल्या आहेत.
वैजयंती टेंभरेनं सातवीचं पुस्तक
चार वर्षं मोत्यासारख्या अक्षरात उतरवलं,
आणि एका लग्नात बाथरूमची कडी
तिला आतून उघडता आली नाही.
दार तोडलं. ती हसत बाहेर आली. मी नाही हसले.
अविनाश उईके इतवारीत पार्सलं बांधतो,
रुपयाची चूक नाही.
परवा भेटला तर विचारतो,
"मॅडम, आपल्या वर्गात गोष्टी काऊन नव्हत्या?"

आज मोहिनीला घेऊन बसथांब्यावर निघाले.
वाटेत नाग नदीचा पूल.
ती थांबली. नाक दाबलं, कठड्यावरून वाकली.
"हे पानी कुठी चाल्लं?"
कन्हानला.
"मंग?"
वैनगंगेत.
"मंग?"
बर्डीची बस आली, दार उघडलं, कंडक्टरनं पाहिलं, गेली.
"मंग?"
मग गोदावरी. मग, पुष्कळ दिवसांनी, समुद्र.
तिनं काळ्या पाण्यावरची एक पिशवी
नजरेआड होईपर्यंत पाहिली,
मग मुठीतली दहाची नोट उलगडली.
"समुद्राचं तिकीट किती?"

नोंदवहीत लिहिलं :
बसची पाटी वाचणे, आज साध्य नाही.
त्याखाली जागा होती. ती मोकळी ठेवली.

आता रात्रीचे दहा. फॉर्म समोर आहे.
पेन दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर टेकवून
इतका वेळ बसले की शाई
दोन्हीकडे पसरली.
कार्यालयातून परत येईल, शेरा मारून. येऊ दे.
तिकिटाचं मात्र
मी अजून कुणाला विचारलेलं नाही.