थाळनेर, पायी

शिरपूरहून आलेल्या बसमधून उतरताना
कंडक्टर म्हणाला, आठे काय शे देखाले?
राजधानी, मी म्हटलं.
तो हसला. माझे उरलेले दोन रुपये
त्याच्याच पिशवीत राहिले.

घुमट गावाच्या कडेला. एक अठकोनी,
दगडातली वेल अजून कोवळी.
आत सुलतान; शेजारी कोण निजलंय
ते पाटीलाही ठाऊक नाही.
सावलीत कुणीतरी मिरच्या वाळत घातलेल्या,
पाय जपून टाकले ते मिरच्यांसाठी.

किल्ला अर्धा तापीत गेलाय.
उरलेल्या अर्ध्यावर शेळ्या चढतात,
मला धाप लागली.

आणि म्युझियम?
ते सुपडूच्या सलूनमध्ये, आरशाखालच्या खणात,
पात्यांच्या पाकिटांमागे:
निळ्या झिलईचं खापर, एक झिजलेलं नाणं,
कागदात गुंडाळलेला दुधाचा दात.
पूर वसरना का गायमा सापडस, तो म्हणाला.
कोन्ता राजाना, माले म्हाईत नही.
दात मना पोऱ्याना शे, इतलं पक्कं.

नाणं तळहातावर घेतलं.
चेहरा नाही, अक्षर नाही,
नुसता गोलवा, आणि थोडं वजन.

पाऊण तासात राजधानी संपली होती,
बसला अजून दीड तास.
मग खुर्चीत बसलो, दाढी करून घेतली.
आरशात माझ्यामागे उघडं दार,
दारापलीकडे वाळूत डांगरांचे वेल,
आणि नदी, कशाचीही घाई नसलेली.

दाढीचे तीस. देखाना काही नही.
मी एक नोट दिली, वर दहाचं नाणं.
नोट खिशात घालून
नाणं त्याने टाकलं
त्याच खणात.