पी. पी. नंबर

हनुमाननगरच्या आमच्या गल्लीत फोन एकच,
आमच्याकडे, बाबा तारऑफिसात म्हणून.
बाकीची बारा घरं आमच्या नंबराखाली राहायची,
लग्नपत्रिकेत, नोकरीच्या अर्जात,
पुढे बारीक अक्षरात पी. पी.

डायलला पितळी कुलूप, किल्ली आईच्या पदराला.
बोलावणं घेऊन धावायला मी,
वय अकरा, पायात कधी चप्पल, कधी नाही.
मे महिन्यात डांबर तळव्याला चिकटायचं.

दहा मिनिटांनी परत करतो, पलीकडचा म्हणायचा.
निनावेकाकू, फोन!
कोणाचा ग?
नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच जायचं.

मग ती दहा मिनिटं.
काकू कणकेच्या हातानं खुर्चीच्या काठावर.
आई कूलर बंद करायची, नीट ऐकू यावं म्हणून,
वाळ्याचा वास हळूहळू तापत जायचा
आणि घामेजलेले आम्ही सगळे
त्या काळ्या डब्याकडे पाहत बसायचो.
गोंदियाचा भाऊ असन. नाही, तो तं रविवारी करते.
मामंजींचं काही...
काकू पुढचं बोलायच्या नाहीत,
अंगठ्यानं फरशी घासत राहायच्या.

चांगलं ऐकताना माणूस उठून उभा राहतो,
वाईट ऐकताना हो हो जास्त म्हणतो.
रहांगडाले मास्तर रिसीव्हर ठेवून
आईला दोन रुपये द्यायला लागले,
आलेल्या फोनचे पैसे लागत नाहीत हेही विसरले,
तेव्हा मला कळलं, त्यांच्याकडे कोणीतरी गेलं.

आणि शालू डेकाटे.

बुधवार होता. आई बाजारात.
पुरुषाचा आवाज, मागे इंजिनाची शिट्टी.
शालूला सांग, उद्या साडेचारला, स्टेशनवर,
पुलाखालच्या पाणपोईजवळ.
सांगशील ना बेटा?
हो म्हटलं.
बाहेर माझा बिल्ला सातव्या घरात पडलेला,
पोट्ट्या ओरडून राहिल्या होत्या, तुझा डाव गेला, तुझा डाव गेला.

आठवलं तेव्हा शुक्रवार उजाडला होता.

कुठे काही उमटलेलं नव्हतं.
तो आवाज परत आला नाही.
शालू मात्र यायची, पेपर परत द्यायला, विरजण मागायला,
निघताना उंबऱ्यावर थांबून,
काही होतं का ग?
नाही.
आधी ते खोटं होतं, नंतर नुसतं उत्तर.
पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन उमरेडला गेली.
पत्रिकेवर आमचाच नंबर.

रात्री गच्चीवर बाजेवर पडून मी जुळवत बसायची.
माणूस वाईटच असेल.
त्याचीच गाडी चुकली असेल.
तिनं जायचंच नाही म्हटलं असतं.
एकही पडताळून पाहायची सोय नव्हती,
म्हणून एकही संपलं नाही.
मी मोठी झाले ती बहुतेक तिथेच, त्या बाजेवर.

मागच्या आठवड्यात बर्डीवर भेटली.
केस पांढरे, हातात नातवाचे शाळेचे बूट.
चष्मा कपाळावर सारून तिनं माझा नंबर घेतला.

आज दुपारी लिहायला बसले.
शालूताई, तुझा एक निरोप. पुसलं.
तुला ते आठवते का. पुसलं.
मी लहान होते. हे दोनदा पुसलं.
माझं हे लिहिणं, थांबणं
तिकडे तिला दिसतं, हे कुठे ध्यानात होतं.

टिंग.
काय लिहून राहिली ग केव्हाची?
फोनच कर ना.

उठले.
कूलर बंद केला.