अंगठ्याची किंमत

एकतीस वर्षं मी न दिसणाऱ्याचे आकडे लिहिले.
नाव, पत, सवय,
गिऱ्हाईक जवळचं दुकान सोडून
वीस पावलं पुढे का जातं, त्या पावलांचं मोल.
आई धक्क्यावर मासे तोलायची.
मी काय तोलते ते तिला अखेरपर्यंत उमगलं नाही.
"वारा तोलते," असं शेजारणींना सांगे,
आणि लगेच, "पगार बरा आहे."

फायली तुझ्या झाल्या, सिन्नवे. किल्ल्याही.
एक फाईल मात्र मी घरी नेते आहे.
तिच्यावर फक्त 'दोरखंड' लिहिलंय.

क्रिस्तियान्सुंदच्या खाडीवर तीनशे पावलं लांब शेड.
एका टोकाला हाक मारली
तर दुसऱ्या टोकाला आधी डांबराचा वास पोचायचा.
विकायची होती. घेणारे रॉटरडॅमचे,
घाईतले, चांगल्या बुटांचे.
जमीन मोजली. यंत्रं मोजली, निम्मी भंगारात.
ताग मोजला, ओला वेगळा, सुका वेगळा.
बेरीज किरकोळ, मागणी चौपट.
मधली फट भरायला मला बोलावलं.

हालवर्ड स्लिनिंग तिथे बावन्न वर्षं.
पीळ बसत असताना दोरावरून अंगठा फिरवायचा,
डोळे भलतीकडे,
आणि म्हणायचा, "थांबवा."
उलगडून पाहावं तर आत एक सूत कच्चं.
कसं कळतं?
"दोर कुरकुरतो."
मला नाही ऐकू येत.
"कानाने कोण ऐकतं!"

बोटींवर गेलेल्यांच्या बायका
दोरावरची त्या कारखान्याची चिठ्ठी पाहून झोपत.
ती झोप मी लिहिली:
ग्राहकांचा विश्वास, अकरा लाख क्रोनर.
अंगठा लिहिला:
कौशल्य, हस्तांतरणीय, चौदा लाख.
'हस्तांतरणीय' दोनदा खोडलं.
तिसऱ्यांदा राहू दिलं.

मापात पाप म्हणतात ते असं असतं, सिन्नवे.
खोटं वजन नव्हे,
काट्याच्या दांडीला लागलेलं बोट नव्हे.
एक विशेषण.

व्यवहार झाला, केक कापला.
त्यांनी हालवर्डपुढे कागद सरकवला:
तीन वर्षं थांबा, दोन पोरं शिकवा.
त्याने चष्मा लावला, सावकाश वाचलं,
आणि माझ्या आकड्यापाशी अडला.
"एवढा?"
अंगठ्याकडे असा पाहिला,
जणू आयुष्यभर घरात कुणी सावकार
भाडं न देता राहिला होता.
मग टोपी घेतली
आणि खरोखर, सगळ्यांना अंगठा दाखवून निघून गेला.
आमच्याकडे त्याचा अर्थ 'उत्तम' असा होतो.
रॉटरडॅमवाल्यांनी टाळ्याही वाजवल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
ती मी उघडली होती, एकेक बोट मोजून.

दोन हिवाळ्यांनी एक दोर तुटला.
माणूस गेला नाही. जाळं गेलं,
आणि त्या बायकांची झोप.
कोर्टात वकिलाने विचारलं,
तुमचे चौदा लाख आता कुठे आहेत?
मी म्हणाले, स्मोला बेटावर, बहिणीच्या घरी,
बटाटे लावतात.
न्यायाधीश हसले. मी नाही.

मग एकदा गेले तिथे, रविवारची.
तो वाटाण्याचे वेल बांधत होता.
सुतळीचा तुकडा दिला, म्हणाला, फिरवा.
फिरवला. काही नाही.
"पुन्हा."
कॉफी निवली. बहीण आत जाऊन परत आली.
"पुन्हा."
नाही कळत, मी म्हणाले.
"बरं झालं," तो म्हणाला,
"नाहीतर त्याचाही आकडा लिहिला असता तुम्ही."

सुतळी त्या फाईलमध्ये आहे.
बाकी सूत्रं, तक्ते, दर, सगळं खालच्या खणात.
त्याचं कुलूप जरा अडतं.
किल्ली थोडी उचलून फिरवायची.
थोडी म्हणजे किती,
ते मला सांगता यायचं नाही.